लदबदलेला फणस

शाहूपुरीत एका गाड्यावर फणस फोडला होता, त्या वासानं माझे पाय थांबले. आजऱ्याकडच्या आमच्या गावी काकांच्या परड्यात असाच एक कापा फणस होता. नव्या घराच्या आड येत होता, पण हिरवं झाड तोडायला सरकारी परवानगी मिळेना. "वाळल्यावर कोण अडवतंय?" म्हणत काकांनी कोयत्यानं बुंध्याची साल गोल सोलून काढली आणि कुणाला दिसू नये म्हणून वर माती लिंपली. काकू दारातनं ओरडली, "जित्या झाडाचं हाल करू नगासा!" काकांनी मान वर केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कधी नव्हे एवढे फणस लागले. गल्लीभर गरे वाटले, सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ले. काकूनं मात्र एकही तोंडात घातला नाही. "मरायच्या आधी पोरं मागं ठेवतंय ते," एवढंच म्हणाली. मग झाड वाळलं, परवानगी आली, घर उभं राहिलं. इकडं गाड्यावाल्यानं गऱ्यांचा द्रोण पुढं केला. "घ्या की पावणं, औंदा झाड नुसतं लदबदलंय." घ्यायला गेलेला माझा हात तिथंच थांबला. "झाडाची साल शाबूत हाय न्हवं?" मी विचारलं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.