पायाची पट्टी

टेंभुर्णीचे एक मेंबर हैदराबादच्या कौन्सिलात शाळेवर बोलायला उठले तरी पाण्यावर येत. आमच्याकडे चहा घेतानाही आधी विचारत, "वहिनी, पाणी बारवेचं तर न्हाई ना?" बारवेत उतरून पाणी भरणाऱ्या त्यांच्या गावात घरोघरी नारू होता; पाय फोडून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा.

एकदा त्यांचं भाषण ऐकायला मी हौसेनं सोबत गेल्तो. त्यांनी गावासाठी पायऱ्या नसलेला आड मागितला, म्हणजे पाण्यात कुणाचा पाय बुडायला नको. वजीरसाहेब म्हणाले, "अगले साल देखेंगे."

मेंबरांनी खाली वाकून पायाची पट्टी सोडली. काडीला गुंडाळलेला नारू अर्धा बाहेर आल्ता. वजिरांनी तोंड फिरवलं. गॅलरीत मी शूर माणसानं तर डोळेच मिटले.

"हुजूर, ये अगले साल तक नहीं रुकता."

मंग पट्टी बांधून त्यांनी राहिलेलं भाषण उभ्यानंच पुरं केलं.