पोहणाऱ्यांचा दुकानदार पाण्यात उतरतो

गल्लीत त्यांना सगळे ‘पाणबुडे’ म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. वडिलांचं छत्र्या आणि रेनकोटचं दुकान होतं. समोर पोहण्याचा सार्वजनिक पूल झाला, तेव्हा पाणबुड्यांनी छत्र्या माळ्यावर टाकल्या आणि पोहण्याचं सामान विकायला घेतलं. चष्मेवाला आणि किल्लीवाला यांच्या मधला तो गाळा इतका अरुंद की दोन गिऱ्हाईकं समोरासमोर आली, तर एकाला पोट आत घ्यावं लागे.

माणूस बोलायला पटाईत. “गॉगल घेताना पट्टा लावूच नका,” ते सांगत. “नुसता डोळ्यांवर दाबा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, गळून पडला तर दुसऱ्याचा.” हे त्यांनी खोक्यातल्या माहितीपत्रात वाचलं होतं आणि ते खरंही होतं. बाकीचं बरंचसं मात्र मनाचं. नवशिक्या पुरुषांना ते ढगळ चड्डी सुचवत, तिच्यात मोकळं वाटतं म्हणून. गॉगलवर वाफ धरली तर आतून टॉवेलनं खसाखसा पुसा, म्हणत. लोक ऐकत, कारण ते सगळं ठामपणे सांगत.

आणि हे सांगणारा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलेलाच नव्हता. नवव्या वर्षी आत्येभावानं गंमत म्हणून हौदात ढकललं, दोन-तीन घोट नाकात गेले, तेव्हापासून त्यांनी पाण्याला लांबूनच रामराम केला. आता सत्तेचाळिशी गाठली होती. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती, आणि ती बिचारी गल्ल्यामागे कापडी पिशव्या शिवत गप्प बसे.

एका रविवारी सकाळी दुकान उघडताच गणिताच्या बाई दारात उभ्या राहिल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, वय त्रेसष्ट, आणि दर रविवारी पहाटे गावाबाहेरच्या तलावात पोहणाऱ्या. केस ओले, कोपराला चिखल, हातात आदल्याच आठवड्यात इथून नेलेला काळ्या काचांचा गॉगल आणि काळी टोपी.

“अहो पाणबुडे, मी आज थेट लव्हाळ्यात घुसले,” बाई म्हणाल्या.

“काय सांगता! पण हा तर खास तलावासाठीचा गॉगल. तलावावर ऊन असतं ना, म्हणून काच काळी.”

“आम्ही उतरतो तेव्हा सूर्य डोंगराआड असतो. मला वळायचा खांबच दिसला नाही. आणि या काळ्या टोपीमुळे आमच्यावर लक्ष ठेवणाऱ्या होडीवाल्याला मी दिसले नाही. तो मला दुसरीकडेच शोधत होता.” बाईंनी गॉगल काउंटरवर ठेवला. “एक सांगा. हा तुम्ही घालून पाहिलाय कधी? पाण्यात?”

पाणबुड्यांनी काउंटरवरची नसलेली धूळ झटकली. मग छताकडे पाहिलं. शेवटी बायकोकडे पाहिलं, तर तिनं पिशवीत तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

“मला पोहता येत नाही, बाई,” ते म्हणाले.

बाईंनी पस्तीस वर्षं न येणारी गणितं सोडवून घेतली होती. त्यांनी कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. “उद्या साडेसहाला समोरच्या पुलावर या. वर्गात उशीर चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते आपल्याच दुकानातली ढगळ चड्डी घालून गेले. बायको सोबतीला म्हणून आली होती. पहिल्याच पायरीवर चड्डीत हवा भरली आणि ती फुग्यासारखी वर आली. ती दोन्ही हातांनी दाबावी, तर कठडा धरायला हात उरेना. कठडा धरावा, तर चड्डी कमरेवर थांबेना. बाई म्हणाल्या, “आता कळलं, नवशिके पुरुष तिसऱ्या दिवशी यायचं का बंद होतात?”

तेवढ्यात शेजारून कोणीतरी सपासप हात मारत गेलं. टोकाला जाऊन वळलं आणि परत आलं. गॉगल वर सरकवला तेव्हा पाणबुड्यांनी पाहिलं, ती त्यांची बायको होती.

“अगं! तुला येतं?”

“माहेरी विहिरीत शिकले. सात वर्षांची होते.”

“लग्नाला एकवीस वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय?”

“तुम्ही विचारलंत कधी?” असं म्हणून ती पुन्हा गेली.

त्यानंतरचे आठ महिने त्यांनी शिकण्यात आणि जुने सल्ले निस्तरण्यात घालवले. रोज एक नवी वस्तू घालून उतरायचं. पट्टा आवळला की पाणी येत नाही, असं ते सांगत आले होते. आवळून पाहिलं, तर पाणी आलंच, वर डोळ्यांभोवती दुपारपर्यंत घुबडासारखी वर्तुळं राहिली. गॉगलचा नाकावरचा सांधा त्यांना रुंद होत होता, तो लहान बसवल्यावर पट्टा सैल ठेवूनही थेंब आत येईना. काच आतून पुसली की वाफ न धरणारा लेपच निघून जातो, हे दोन गॉगल आंधळे केल्यावर समजलं. पातळ रबरी टोपीनं केस उपटले, जाड सिलिकॉनची सुखानं बसली. अंगाला घट्ट बसणारी आखूड चड्डी घातली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पुलाची पूर्ण लांबी पार केली आणि कठड्याला लटकून एवढ्या मोठ्यानं ओरडले, की जीवरक्षक शिट्टी वाजवत धावत आला.

मग बाई म्हणाल्या, “आता तलाव.”

तिथलं पाणी गार, म्हणून अंगभर रबरी पोशाख लागतो. तो ते गिऱ्हाइकांना नेहमी एक माप मोठा देत, चढवायला सोपा जावा म्हणून. स्वतः तसाच मोठा पोशाख चढवून काठाजवळ उतरले, तर गळ्यातून बर्फासारखं पाणी थेट पाठीपर्यंत गेलं. “आई गं!” म्हणत ते बाहेर आले. पुढच्या रविवारी नेमक्या मापाचा आणला. तो चढवायला वीस मिनिटं आणि बायकोचा गुडघा लागला, पण ऊब राहिली. मान घासू नये म्हणून बाईंनी कॉलरखाली व्हॅसलीन चोपडलं. डोक्यावर भडक गुलाबी टोपी, डोळ्यांवर स्वच्छ काचांचा गॉगल, आणि कमरेला दोरीनं बांधलेला नारिंगी तरंगता फुगा.

खांबापर्यंत जाऊन परत यायचं होतं. पन्नासेक हात मारल्यावर त्यांनी खाली पाहिलं. पुलात तळाशी काळी रेघ असते. इथे काहीच नव्हतं, नुसता हिरवा अंधार. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. श्वास अर्ध्यावर अडकला.

“फुगा धरा!” शेजारून बाईंचा आवाज आला.

त्यांनी दोरी ओढून फुगा छातीशी कवटाळला.

“आता श्वास सोडा. घ्यायचं नंतर बघू, आधी सोडा. घाई कुणाला आहे?”

ते तरंगत राहिले. होडीवाल्यानं लांबून हात केला. त्याला गुलाबी टोपी अगदी स्पष्ट दिसत होती. मिनिटभरानं श्वास जागेवर आला. त्यांनी मान वर करून खांब हेरला, आठ हात मारले, पुन्हा हेरला, पुन्हा आठ हात. खांबाला हात लावला तेव्हा बायको तिथे आधीच पाठीवर तरंगत होती.

“किती वेळ लावलात?” ती म्हणाली.

“अडतीस वर्षं,” ते म्हणाले, आणि दोघांना इतकं हसू आलं की बाईंना रागवावं लागलं.

आता दुकानात गिऱ्हाईक आलं की ते आधी प्रश्न विचारतात: पुलात की उघड्या पाण्यात? किती वाजता? सूर्य समोर की पाठीशी? पाणी किती गार? मग ज्याला एक गॉगल पुरतो, त्याला दुसरा देत नाहीत. परवा एक बसचालक थेट रबरी पोशाख मागायला आला. त्याला अजून तरंगताही येत नव्हतं. पाणबुड्यांनी त्याला एक साधी टोपी आणि आखूड चड्डी दिली, पोशाख परत टांगला आणि विचारलं, “सोमवारी सकाळी मोकळे आहात का? मी उथळ बाजूला असतो.”