दुर्बिणीवाल्याला रश्श्याचं आमंत्रण

कसबा बावड्याचा प्रसेनजीत परदेशात नक्की काय करतो, हे त्याच्या आईला, अंजनाबाईंना, कधी धड सांगता आलं नाही. अवकाशात सोडायच्या दुर्बिणीला एक डोळा असतो, त्याला उजेडापेक्षा ऊब दिसते. दुर्बीण वर जाण्याआधी त्या डोळ्याची परीक्षा घ्यायची, हा त्याचा धंदा. अंजनाबाई गल्लीत सांगत, "पोरगा चांदण्यांचा ताप बघतोय." बायका म्हणत, "मग डॉक्टर हाय म्हणा की!" अंजनाबाईही खुशाल मान डोलवत.

दोन हजार दोन साली तो सुट्टीवर आला तो कॉलेजातल्या प्रीतीला मागणी घालायला. दोघांचं केव्हाच ठरलं होतं. आडवे होते तिचे वडील, जयसिंगपूरचे कृष्णात अण्णा. ज्याचं काम मला समजत नाही त्याला पोरगी देणार नाही, असं त्यांनी भावकीत सांगून टाकलेलं. आणि शब्द मागं घेतील तर अण्णा कसले!

तरी जेवायला बोलावलं. आलेल्या माणसाला तांबड्या रश्श्यानं जोखायची त्यांना भारी खोड. घाम न पुसता वाट्या रिचवल्या तर गडी पास, नाहीतर घरचा रस्ता. त्या दिवशी तर त्यांनी चुलीपाशी उभं राहून जादा चटणी घालायला लावली. प्रीती दारातच कुजबुजली, "जपून. नुसता जाळ हाय." परदेशात उकडलेले बटाटे खाऊन प्रसेनजीतची जीभ पार मऊ पडली होती.

भावकी पंगतीला बसली. अण्णांनी वाटी पुढं सरकवली. "हं पावणं, होऊ द्या! आन् काम काय करता त्येबी सांगा."

प्रसेनजीतनं वाटीकडं पाहिलं आणि त्याला एकदम सुचलं.

"सांगतो की, मामा. आमच्या दुर्बिणीला ऊब बघणारा डोळा असतोय. त्या डोळ्याला अनोळखी चांदणी आधी दाखवायचीच न्हाय. जिचा ताप आपल्याला पक्का ठाऊक हाय, अशी ऊब आधी दाखवायची. डोळा काय आकडा सांगतोय ते बघायचं. मगच चांदणीचं खरं-खोटं कळतंय."

"बरं, मग?"

"मग तुमचा रस्सा माणूस मोजतोय न्हवं? मी पडलो अनोळखी. आधी ओळखीचा गडी मोजू. तुमच्याएवढा पक्का खाणारा पंचक्रोशीत कोण हाय?"

भावकी खदखदली. "घ्या अण्णा, घ्या!"

अण्णांची पंचाईत झाली. पित्तामुळं ते वर्षभर दूधभातावर होते, पण चारचौघांत कबूल कोण करणार? त्यांनी वाटी तोंडाला लावली. कान लाल झाले. प्रसेनजीतनं अदबीनं दुसरी वाटी भरून दिली. त्यानंतर डोळ्यांतून धारा लागल्या आणि आवाज बसला. अण्णा हातानंच पाणी मागू लागले.

प्रीती तांब्या घेऊन आली आणि हातभर अंतरावर थांबली.

"अण्णा, ह्यांचं काम आता समजलं न्हवं?"

अण्णांनी तांब्याकडं बघितलं, भावकीकडं बघितलं.

"समजलं गं बये!" ते कसेबसे ओरडले. "पार आतड्यापर्यंत समजलं!"