त्याच्या हातचे बारा आकडे

धुळ्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मी एक शक्कल काढली. नामांकित कंपनीचं नवं घड्याळ घ्यायचं, उघडायचं, आत गिऱ्हाइकाच्या पसंतीची तबकडी बसवून विकायचं. कुणाला लग्नातला जोडफोटो हवा, कुणाला निळं अशोकचक्र. कंपनीला विचारायचा प्रश्नच नव्हता. नव्या तबकडीवर कंपनीचं नाव मात्र मी जसंच्या तसं छापून घ्यायचो. माझ्या नावाचं घड्याळ कोण घालणार होतं?

एके दिवशी शिरपूरच्या वरच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले एक आबा दुकानात आले. पिशवीतून त्यांनी एक पुठ्ठा काढला. त्यावर निळ्या बॉलपेनने एसटीच्या वेळा लिहिलेल्या होत्या, मराठी आकड्यांत. आबांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्यांची गाडी चुकू नये म्हणून मुलाने हा पुठ्ठा दाराशी टांगून ठेवला होता. तो मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला.

"त्यानं लिखेल एवढंच शे," आबा म्हणाले. "घडीमा बसाडी दे, भाऊ. हातवर ऱ्हाई."

झेरॉक्स काढून छापता आलं असतं. पण मला कारागिरी दाखवायची खुमखुमी. छापलेलं ते छापलेलंच दिसतं, खरी शाई हवी, असं मीच आबांना पटवलं. वेळांमधले तासांचे आकडे एकेक करून कापले, ब्लेडने मागचा पुठ्ठा तासून कागद पातळ केला आणि एक ते बारा जागच्या जागी चिकटवले. उरल्या पुठ्ठ्याच्या चिंध्या झाल्या होत्या, त्या केरात गेल्या. आबांनी घड्याळ हातात घेतलं आणि एकेका आकड्यावर काचेवरून बोट फिरवलं. तेव्हा मला माझाच फार अभिमान वाटला. मोबाइलवर फोटो काढून मी तो गावभर दाखवला.

डबीत सवयीने कंपनीचं वॉरंटी कार्डही ठेवलं. कार्ड नसलं की माल चोरीचा वाटतो. उघडलेल्या घड्याळाला कंपनीची वॉरंटी राहत नाही, हे मी आबांना सांगितलं नाही.

पावसाळ्यानंतर माझ्यासारखाच तबकड्या बदलून विकणाऱ्या एका दुकानदाराला कंपनीची नोटीस आली. माझी पाचावर धारण बसली. त्याच संध्याकाळी मोबाइलमधले सगळे फोटो पुसून टाकले. आबांच्या घड्याळाचाही.

दिवाळीच्या आधी आबा पुन्हा आले. मनगटावर तेच घड्याळ, वेळ मिनिटाला बरोबर. तबकडी मात्र कंपनीची, कोरी करकरीत, आकड्यांच्या जागी चकचकीत रेघा.

"नऊजोडे काटा अटकी जाये," ते म्हणाले. "तुले कशाले तरास? कार्ड व्हतं, म्हनीसन जळगावले कंपनीमा लई गऊ. आते बराबर चालस. पन भाऊ, त्याना आकडा कोठे गयात?"

नवाचा कागद सुटला असणार. माझ्याकडे आले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातला माणूस सभ्य होता. "तबकडी बनावट होती. ग्राहक वयस्कर, फसलेले दिसले, म्हणून आम्ही अस्सल बसवून दिली. बनावट भाग आम्ही परत देत नाही, फोडून टाकतो." मग त्याने विचारलं, "आपण कोण?"

मी म्हणालो, "त्यांच्या गावचा."

त्या उत्तराची मला आजही शिसारी येते. पण खरं सांगितलं असतं तरी फोडलेलं परत आलं नसतं, आणि हे कळण्याने काडीचाही दिलासा मिळत नाही. एका बापाजवळ मुलाच्या हातचं जे होतं ते मी कापलं, केरात टाकलं आणि भीतीपोटी पुसलं. कंपनीने फक्त उरलेलं फोडलं.

आबांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "तूच लिखी दे मंग."

मी कोऱ्या तबकडीवर निळ्या बॉलपेनने एक ते बारा लिहिले. मुलाच्या पाचाला शेपटी लांब होती एवढं आठवत होतं, तशी काढली. आबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, सावकाश बारा आकडे पाहिले आणि म्हणाले, "बेस शे." या वेळी काचेवर बोट फिरवलं नाही.

परवा ते शिरपूरच्या स्टँडवर दिसले. घड्याळ मनगटावर होतं. मी खांबाआड थांबलो. आबा शेजारच्या माणसाला विचारत होते, किती वाजले.