गुंडाळून राह्यली

बल्लारपूरला उतरले तेव्हा कागद गिरणीचा वास नाकात शिरला आणि मी रुमाल शोधू लागले. शेजारची बाई हसून म्हणाली, "दोन दिवसांत वासच येनार नाई." मला दोन दिवस थांबायचंच नव्हतं. एसटीने चामोर्शी, तिथून रिक्षाने मार्कंड्याच्या अलीकडे वैनगंगेच्या काठी पोचले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या गाणाऱ्या पाखरांना जाळ्यात धरून, पायात नंबराचं वाळं घालून सोडून द्यायचं शिबिर तिथे होतं. कोकणच्या खाडीकाठी मी हे काम दोन हिवाळे शिकले होते. पुण्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते. थोडक्यात काय, शहाणपणाने ओतप्रोत भरून मी निघाले होते.

जाळी चार होती. तीन नदीकाठच्या लव्हाळ्यात, चौथं धानाच्या बांध्यांपलीकडे एका बोडीवर (शेतातलं छोटं तळं). त्यावर लक्ष ठेवायला जवळच्या गावातल्या सुगंधाबाई होत्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला मोकळ्या. पहिल्याच दुपारी त्यांनी घरून भात, लाखोरीची डाळ आणि जवसाची चटणी आणली. "मॅडम, तिखट झालं का?" विचारलं. झालं होतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या सकाळी मी बोडीवर गेले तर बाई जाळ्यात अडकलेला एक वटवट्या (झुडपात सतत बडबडणारं तपकिरी पाखरू) हलक्या बोटांनी सोडवत होत्या. सुरेख जमत होतं त्यांना. तरी मी खेकसले, "हात लावायचा नाही हं! हे शिकावं लागतं." बाईंनी लगेच हात मागे घेतले. "बरं, मॅडम."

तिसऱ्या दिवशी ऊन लवकर चढलं. ऊन चढलं की जाळी गुंडाळायची, नाहीतर पाखरं तापून मरतात. माझी तीन गुंडाळून झाली. बाईंना फोन केला.

"गुंडाळलं का जाळं?"

"गुंडाळून राह्यली, मॅडम. या न."

गुंडाळून राहिली, म्हणजे झालं. 'या न' मला झाडीपट्टीतला पाहुणचार वाटला. "येते, येते," म्हणाले आणि चहा घेऊन बसले. दुसराही कप घेतला.

अर्धा तास झाला तरी बाई आल्या नाहीत म्हणून निघाले. बोडीवर जाळं अर्धं गुंडाळलेलं, अर्ध्यात वटवट्या लटकलेला. बाई भर उन्हात, पदर ताणून त्याच्यावर सावली धरून उभ्या. मी पाखरू सोडवलं. त्याची मान माझ्या बोटांवर कलंडली.

शिबिरप्रमुख सर आले. पाखरू मेलं की जबाब द्यावा लागतो, वाळी घालायचा परवानाही जाऊ शकतो. मी पटकन म्हणाले, "बाईंनी गुंडाळलं म्हणून सांगितलं मला." त्यांनी 'या' म्हटलं होतं, ते मी गिळलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. सर म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका." मी जाळ्याच्या दोऱ्या आवरत बसले.

शिबिर संपलं. चामोर्शीच्या स्टँडवर खिडकीची जागा पकडून बसले होते. एक माणूस धापा टाकत आला.

"गाडी गेली का, भाऊ?"

"निघून राह्यली, चढा लवकर!" कंडक्टर ओरडला.

गाडी तर जागेवर उभी होती, इंजिन नुकतं सुरू झालेलं. निघून राह्यली म्हणजे निघते आहे. गुंडाळून राह्यली म्हणजे गुंडाळते आहे. अगं बाई गं! मी बॅग ओढत खाली उतरले.

सुगंधाबाई अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, शब्दाचंही आणि गिळलेल्या 'या'चंही. मान वर करवत नव्हती.

"मले दोन मिनिटाचं काम होतं ते," त्या म्हणाल्या. "पन तुमी म्हनलं होतं, हात लावू नको."

"मी सरांना फोन करते."

"सरचं जाऊ द्या. शिबिर तं उठलं. गावात समदे म्हनून राह्यले, सुगंधानं पाखरू मारलं. ते तुमी सांगान का?"

बोअरिंगवर पाणी भरायला सात-आठ बायका होत्या. त्यांच्यासमोर उभी राहून मी सांगितलं, पाखरू माझ्यामुळे मेलं, बाईंनी बोलावलं होतं आणि मी चहा पीत बसले. वर्गात चाळीस पोरांपुढे कधी चाचरत नाही, तिथे चाचरले. एका म्हातारीने हंडा खाली ठेवला.

"मंग तवाच काऊन नाई बोलली, बाई?"

मला उत्तर देता आलं नाही. सुगंधाबाईंनीही माझी सुटका केली नाही, आणि बरंच केलं.

पुण्यात परतल्यापासून सगळे विचारतात, शिबिर कसं झालं? छान झालं म्हणते. म्हातारीला द्यायचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. माझा परवाना जाईल याची भीती वाटली. बाईंचं काम गेलं तर चालेल, असं वाटलं होतं.