बिनशिक्क्याची सिस्टिम

"सर्टिफिकेट दाखवा, सुशीलाबाई! सर्टिफिकेट!" गोविंदभाऊंनी टेबलावर हात आपटला. निवडायला ठेवलेली मेथी उडाली.

"हात आपटून सिस्टिम चालत असती," मी म्हटलं, "तर तुमची ती जुनी मशीन कधीच धावायला लागली असती!"

"ती जुनी असेल, पण शिक्क्याची आहे! आणि ही तुमची फुकटची..."

"फुकटची नाही. मोकळी. फरक आहे!"

भांडण सकाळपासून चाललं होतं आणि पोळ्यांचा तवा थंड पडला होता. आमच्या डबा मंडळात असं नेहमीच. दहा बायका, एक पुरुष आणि दोन कॉम्प्युटर एका खोलीत कोंडले की किस्से काही मागावे लागत नाहीत. उंबऱ्याशी चपला साठाव्यात तसे साठतात. आपलीच जोडी शोधायला गेलं तर दुसऱ्याच चार हाताला लागतात! म्हणून ह्या भांडणाचं सांगायचं तर आधी बाकीचे बाजूला करायला हवेत.

आमचं मंडळ लालबागचं. पूर्वी आम्ही सगळ्या खानावळवाल्या, म्हणजे घरात गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या बायका. संपानंतर जेवणारेच राहिले नाहीत, तेव्हा परळच्या हॉस्पिटलांतल्या पेशंटांना आणि त्यांच्या नातेवाइकांना डबे द्यायला लागलो. गोविंदभाऊ आमचे अध्यक्ष. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, संपानंतर परत घेतलं नाही. बायकांच्या मंडळात पुरुष अध्यक्ष कसा, असं लोक विचारतात. साहेबांपुढे बसून बोलायला आम्हाला वेळ कुठे? त्यांना होता!

आणि कॉम्प्युटरवाली मी. शाळा चौथीत सुटली. एका संस्थेच्या कॉम्प्युटर क्लासला जेवण पोचवायला जायची, ते जेवेपर्यंत मागच्या बाकावर बसायची. मग मॅन्युअल घरी आणलं, डिक्शनरी शेजारी ठेवली आणि एकेक ओळ कोरून वाचली. कुणी शिकवलं नाही. कुणी अडवलंही नाही, कारण कुणाला वाटलंच नाही की हिला समजत असेल!

* * *

पहिली मशीन आम्हाला एका ऑफिसानं मोडीत काढून दिली. कपाटाएवढी. आत युनिक्स, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टिम, नामांकित कंपनीची, कागदपत्रांसकट. तिच्यावर मी डब्यांचा प्रोग्रॅम लिहिला. कुणाला अळणी, कुणाला बिनसाखरेचं, कुणाचा गुरुवार. कुठला वॉर्ड, कुठला मजला. सकाळी मशीन चिठ्ठ्या छापायची, त्या डब्यांना चिकटवल्या की बायका त्याच क्रमानं जिने चढायच्या.

मग मदतीला शीला आली. चुणचुणीत पोर, नव्या क्लासमध्ये लिनक्स शिकलेली. लिनक्स म्हणजे ती मोकळी सिस्टिम, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. एक दिवस ऐन डबे भरायच्या वेळी छपाईचा प्रोग्रॅम अडकला. शीला म्हणाली, "आजी, थांबा, मारते त्याला." आणि तिनं टाईप केलं 'किलऑल'.

आता लिनक्सवर 'किलऑल' म्हटलं की ज्याचं नाव सांगाल तेवढाच प्रोग्रॅम मरतो. आमच्या जुन्या युनिक्सवर ह्याच आज्ञेचा अर्थ होता, जे जे चालू आहे ते सगळं मारा! आणि पोर बसली होती मालकाच्या पासवर्डनं. पडदा काळा. प्रिंटर गप्प. खोलीत नुसता आमटीचा वास.

इंदूमावशी कोपऱ्यात नारळ खवत होत्या. मालवणच्या, आमच्यात सगळ्यांत थोरल्या, कॉम्प्युटरला आयुष्यात हात न लावलेल्या. त्या खवणीवरून न उठताच म्हणाल्या, "एक उंदीर मारूक सांगितलो, तर हिने घर जाळल्यान!"

शीला रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा पॉझिक्सबद्दल सांगितलं. ते मला तरी कुठे पूर्ण कळलं होतं? पण गोष्ट सोपी आहे. पॉझिक्स म्हणजे सिस्टिम बनवणाऱ्यांमधला करार. अमुक आज्ञा दिली की अमुकच झालं पाहिजे, मशीन कुणाचीही असो. करारातल्या आज्ञा वापरून प्रोग्रॅम लिहिला तर तो एका घरून उचलून दुसऱ्या घरी नेता येतो. 'किल' करारात आहे. 'किलऑल' नाही. ते ज्याचं त्यानं आपापल्या घरी ठरवलेलं.

"म्हणजे आजी, चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही. कराराबाहेर पाय टाकला की असंच!"

* * *

जुन्या मशीनची डिस्क कण्हायला लागली, तेव्हा मी एक साधी मशीन जुळवून तिच्यावर लिनक्स चढवलं. डिस्क मुद्दाम जुन्याच मापाची घेतली. गोविंदभाऊंना कळावं म्हणून दोन्हींवर एकच आज्ञा दिली: डिस्क केवढी आहे ते सांग.

नव्या मशीननं आकडा दिला तो जुन्याच्या निम्मा!

"अर्धी डिस्क खाल्ली!" गोविंदभाऊ उठलेच. मी समजावेपर्यंत ते दुकानदाराकडे पोचलेही होते. तिथे काउंटरवर उभं राहून म्हणे त्यांनी विचारलं, "उरलेली अर्धी कुठाय?" दुकानदारानं गरिबानं डिस्क उलटसुलट करून दाखवली.

खरी गंमत मापाची होती. करार म्हणतो, डिस्क छोट्या मापानं मोजून सांगा. लिनक्सवाले म्हणतात, आम्हाला दुप्पट मोठं माप सोयीचं. पोतं तेच, एकानं पावशेरानं मोजलं, दुसऱ्यानं अर्ध्या शेरानं. पण लिनक्सवाल्यांनी एक खुंटीही ठेवलीय. ती फिरवली की लिनक्स गुपचूप कराराच्या मापानं मोजतं. मी खुंटी फिरवली. आकडा दुप्पट!

गोविंदभाऊंनी दोन्ही आकडे बोटानं ताडून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे ह्याला नियम पाठ आहे, पण कुणी डोळे वटारल्याशिवाय पाळत नाही!"

इंदूमावशी खुदकन हसल्या. "म्हणजे आमच्या अध्यक्षासारखोच!"

खोटं कशाला बोलू, ह्या बाबतीत गोविंदभाऊंचं बरोबर होतं. मोकळी म्हणून प्रत्येक ठिकाणी सोज्ज्वळ, असं नाही.

* * *

करार म्हटला की मला संपातला आमचा करार आठवतो.

संपाआधी गिरणीतला माणूस खानावळ धरायचा तेव्हा आधी चौकशी करायचा. बाई घाटावरची की कोकणातली? गाव कुठलं, आडनाव काय? मग ताटावर बसायचा. संप लांबला, पगार थांबले, एकेक चूल विझायला लागली. तेव्हा आम्ही बायका चाळीच्या जिन्यात बसलो आणि ठरवलं: ताट सगळीकडे एकच. दोन भाकऱ्या, एक वाटी कालवण, एक मूद भात. कुणाचाही माणूस कुणाच्याही घरी बसेल, कुणी हाकलायचं नाही, विचारायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी घोळ! करारात 'दोन भाकऱ्या' म्हटलं होतं, केवढ्या ते कुणी म्हटलंच नव्हतं. माझी साताऱ्याकडची ज्वारीची भाकरी परातीएवढी, इंदूमावशींची तांदळाची तळहाताएवढी. त्यांच्याकडे मात्र कालवणात बांगडा, माझ्याकडे पिठलं. कामगार कसले हुशार! दुपारी माझ्या दारात रांग, रात्री मावशींच्या. एकानं तर मला विचारलं, "वहिनी, भाकरी तुमची बांधून देता का? कालवण मावशींकडे घेईन म्हणतो!"

मावशी चिडल्या होत्या का? छे! म्हणाल्या, "घेऊन येवंदे. माका कमी थापूक लागतीत!"

पुढे पॉझिक्सचं मॅन्युअल वाचताना मला जागोजागी एक वाक्य भेटायचं, की हे बनवणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं. प्रत्येक वेळी मला त्या दोन भाकऱ्या दिसायच्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या त्या मोठ्या लोकांनाही भाकरीचा आकार ठरवता आला नव्हता!

* * *

आता शिऱ्याचा किस्सा. हा हसण्यासारखा आहे आणि नाहीही.

नव्या मशीनवर प्रोग्रॅम छान चालत होता. मग मी लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. सकाळी चिठ्ठ्या कोऱ्या! भरलेले डबे रांगेत आणि एकावरही नाव नाही. शीलानं आठवून आठवून पेननं नावं घातली, बायका पळाल्या.

दुपारी बिनसाखरेवाल्या एका आजोबांचा निरोप आला. "इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा जेवण बरं होतं! शिरा तर काय, वा!"

शिरा शेजारच्या कॉटचा होता.

आजोबांना काही झालं नाही. पण वॉर्डातल्या सिस्टरनी फोनवर गोविंदभाऊंना जे सुनावलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं तर ते मी ऐकायला हवं होतं. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "सुशीलाबाई, एखाद्या दिवशी कुणाचा जीव जाईल हो."

मी प्रोग्रॅम उघडून बसले. चिठ्ठ्या मजल्यांप्रमाणे लावणारी माझी ओळ जुन्या पद्धतीची होती. जुन्या करारात ती चालायची. कराराची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात ती पद्धत काढून टाकली होती. आमचं शिक्क्याचं युनिक्स जुन्या कराराचं, त्याला पत्ताच नव्हता. आणि बिनशिक्क्याच्या लिनक्सनं नवा करार इतका काटेकोर पाळला की माझी ओळ बाहेर फेकली! कधी डोळे वटारल्याशिवाय पाळत नाही, कधी पाळतं ते गळा आवळून. मी ओळ बदलली. तेव्हापासून ती दोन्ही मशीनवर चालते, एका अक्षराचा फरक न करता.

पण गोविंदभाऊंच्या मनातून शिरा काही गेला नाही.

* * *

तर ते भांडण. जुनी मशीन आता शेवटच्या घटका मोजत होती. गोविंदभाऊंनी एका कंपनीचा माणूस बोलावला होता, टाय लावलेला, शांत. त्यांची सिस्टिम शिक्क्याची, पॉझिक्सची परीक्षा पास. पण तिच्याबरोबर डब्यांचा त्यांचाच तयार प्रोग्रॅम घ्यायचा होता. म्हणजे माझा मोडीत. त्या प्रोग्रॅममध्ये माझी इतकी वर्षं होती. गुरुवार, अळणी, दात नसलेल्यांची मऊ पोळी, सगळं. तो गेला असता तर मी उरले असते फक्त मेथी निवडायला.

मी त्या माणसाला विचारलं, "तुमच्या शिक्क्यात बिनसाखरेवाल्याचा डबा कुठला, ते लिहिलंय का?"

"नाही, आजी," तो म्हणाला. "ते प्रोग्रॅमचं काम. शिक्का एवढंच सांगतो की आम्ही करार पाळतो, हे कुणीतरी तपासलंय."

खरं बोलला. मला राग आला, पण राग आल्यानं खरं खोटं होत नाही.

"ऐकलंत?" गोविंदभाऊ म्हणाले. "तपासलंय! तुमच्या लिनक्सला कुणी तपासलंय?"

"परीक्षेला बसवायला कुणी धनी नको का? फी भरा, आणि नवी आवृत्ती निघाली की पुन्हा भरा. वाटून टाकणाऱ्यांनी ती कुठून भरायची? पण अभ्यास त्याच पुस्तकाचा केलाय! दोन्ही मशीन शेजारी ठेवा, दोघींच्या चिठ्ठ्या काढा, ताडून बघा. फरक निघाला तर मी स्वतः उचलून भंगारात टाकते!"

"आणि उद्या पुन्हा शिरा झाला तर? सिस्टर मला विचारतात, सुशीलाबाई! मी काय सांगू?" त्यांचा आवाज चढला, पण डोळे भरले होते, ते मी पाहिलं. "कोण कुठली सिस्टिम, कुणी बनवली, नाव ना गाव! अशा कुणाच्याही हातचं आपण आजारी माणसाला खायला घालायचं?"

शीलानं माझ्याकडे पाहिलं. टायवाला उंबऱ्याशी काढलेल्या बुटांकडे बघायला लागला. माझ्यापाशी होतं ते उत्तर मॅन्युअलातलं होतं.

इंदूमावशींनी सांडलेली मेथी गोळा केली, पदराला हात पुसले आणि अध्यक्षांकडे पाहिलं. लालबागमध्ये त्यांना अरेतुरे करणाऱ्या त्या एकट्याच.

"गोविंदा," त्या म्हणाल्या, "संपात तू माझ्या दारात इलंस, तेव्हा आदी जेवलंस, आणि मगे माझा नाव इचारलंस."