त्याच्या शेवटच्या दिवसाची कॅसेट

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात मी सात वर्षं टाइमकीपर होतो. फाटकालगत पत्र्याची खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीच्या आत मी. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या माणसांची हजेरी घ्यायची, ओव्हरटाइम लिहायचा, कुणाला बरं नसलं तर क्लिनिकची चिठ्ठी फाडून द्यायची, एवढं माझं काम. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला मी पहिलाच. वडील नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या दवाखान्यात वॉचमन होते आणि मी मिशनच्याच शाळेत शिकलो. ती शाळा आणि तो दवाखाना काढायला कुठून कुठून परकी माणसं आमच्या धुळीच्या गावात आली होती. त्यांचे फोटो शाळेच्या हॉलमध्ये होते. त्या उपकाराची थोडी तरी परतफेड करावी, असं मला फार वाटायचं.

अबू धाबीत दर शुक्रवारी आमची मराठी ख्रिस्ती मंडळी जमायची. वीस-बावीस माणसं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा दुबईहून यायचे. बाकीच्या शुक्रवारी आम्हीच कुणीतरी संदेश द्यायचो. त्यात सोलापूरकडच्या एक मावशी होत्या, हॉस्पिटलात नर्स. त्यांनी आणि मी मिळून कामगारांच्या कॅम्पमध्ये जाऊन भेटण्याची सेवा सुरू केली. आमच्या यार्डात केनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ खेड्यांतले अकरा जण होते, सगळे ख्रिस्ती, एकमेकांच्या शेजारगावचे. त्यांच्यापासून सुरुवात करायची ठरली.

पहिल्या शुक्रवारी मेसच्या मागच्या सावलीत मी त्यांना प्रार्थनेविषयी अर्धा तास इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्यातला थोरला, यार्डातला वेल्डर, म्हणाला, "ब्रदर, खलास? आता आम्ही गाऊ?" आणि ते अकराजण एकमेकांत मिळणाऱ्या चार सुरांत असे गायले, की स्वयंपाकी कणकेच्या हातानं बाहेर आला.

मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यांना शिकवायला आलोय व्हय रे आपण?"

तरी आम्ही जात राहिलो. त्यांनी मला 'मिस्टर टाइम' नाव ठेवलं. "मिस्टर टाइम, स्वर्गातसुद्धा खिडकीत तूच बसणार का? मग आम्हाला लेटमार्क लागलाच समज!" असं म्हणून हसायचे.

सगळ्यात जास्त हसणारा होता वेल्डरचा चुलतभाऊ. यार्डात ग्राइंडिंग करायचा, वय असेल सव्वीस-सत्तावीस. जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "बॉस, डोकं जड झालंय. चिठ्ठी पाहिजे."

क्लिनिकची गाडी साडेसहालाच निघून गेली होती. दुसरी दुपारच्या सुट्टीनंतर जायची. खरं म्हणजे पिकअप उभी होती. फोरमनला सांगून ती मिळाली असती. पण त्या आठवड्यात चिठ्ठ्या फार जातात म्हणून ऑफिसनं मला टोकलं होतं. मी म्हणालो, "पाणी पी. सावलीत बस. दुपारनंतर ये."

तो गेला. अकराच्या सुमारास ग्राइंडिंगच्या टेबलाशी कोसळला. मग तीच पिकअप निघाली. मागे मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. चारच्या आधी हॉस्पिटलातच त्यानं प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं आणि बहुधा हृदयही कमजोर होतं.

सकाळच्या चिठ्ठीचं मी कुणालाच सांगितलं नाही. मावशींनाही नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

त्याला गावी न्यायचं की नाही, यावर चार दिवस फोन चालले. त्यांच्याकडे माणसाला घराच्या आवारातच पुरतात; परमुलखात पुरणं म्हणजे मोठी नामुष्की. पण विमानतळापासून त्यांचं खेडं दोन दिवसांच्या वाटेवर होतं आणि पावसानं रस्ता वाहून गेला होता. शेवटी आईनंच निरोप दिला: तिथेच ख्रिस्ती माणसांत त्याला ठेवा, मला फक्त सगळं नीट सांगा.

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. मला वाटलं, उपासना चांगली व्हावी एवढंच तिचं म्हणणं असणार. पाळकसाहेब येऊ शकत नव्हते, म्हणून कबरीशी संदेश द्यायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस खपून मी चार पानं लिहिली. तीन मुद्दे आणि शेवटी शोक करणाऱ्यांना धीर. मावशींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "चांगलंय. पण त्याचं नाव एकदाच आलंय बघ."

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी आठला आम्ही शहराबाहेरच्या कबरस्तानात पोचलो. वाळूत खड्डा खणून ठेवला होता. कडा ढासळू नयेत म्हणून फळ्या लावल्या होत्या. दहाजण इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. त्यांनी पेटी खांद्यावरून आणली आणि गात गातच खाली ठेवली. मग वेल्डरनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, एक बादली पालथी घालून तिच्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

मी कागद उलगडून पुढे झालो. त्यानं हात वर केला.

"थांब, मिस्टर टाइम. उपदेश नंतर. आधी दिवस सांगायचा."

"कुठला दिवस?"

"त्याचा शेवटचा. उठल्यापासून. ज्यानं जे पाहिलं ते त्यानं सांगायचं. आमच्याकडे हे सांगितल्याशिवाय माती टाकत नाहीत. आईनं हेच मागितलंय."

मग मला आईच्या निरोपाचा उलगडा झाला, आणि मी कागद घडी करून खिशात ठेवले.

त्याचा खोलीतला जोडीदार पुढे आला. तो आपल्या भाषेत बोलला आणि आमच्यासाठी वेल्डर इंग्रजीत सांगत गेला. म्हणाला, तो चारला उठला. रोज मला लाथ मारून उठवायचा, त्या दिवशी उठवलं नाही. चहा घेतला, ब्रेड अर्धा टाकला. मी म्हणालो, राजासारखा टाकतोस का? हसला, पण बोलला नाही.

दुसरा पुढे आला. बसमध्ये तो नेहमी मागे बसून गाणी म्हणायचा. त्या दिवशी ड्रायव्हरच्या मागे बसला आणि काचेला डोकं टेकलं. मी चिडवलं, काय रे, ड्रायव्हरची मुलगी बघायला निघालास का?

दोघं-तिघं हसले. कबरीशी हसतात याचं मला नवल वाटलं, पण ते हसूही टेपवरून आईपर्यंत जायला हवं होतं, हे मला आता कळतं.

तिसरा म्हणाला, आम्ही फाटकाशी उतरलो. तो मला म्हणाला, तू हो पुढे, मी खिडकीशी जाऊन येतो.

आणि सांगणारा मागे सरला.

दिवस फाटकाशी येऊन थांबला होता. पुढचा भाग सांगणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. टेप फिरत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे, रांगेत आपल्यानंतर ज्याची पाळी असते त्याच्याकडे बघावं तसं. त्यांना बहुधा आधीपासून माहीत होतं. खिडकीशी गेलेला माणूस चिठ्ठीशिवाय परत आला, हे दहा माणसांत लपत नाही.

मी मराठी शाळेत शिकलेलं इंग्रजी सावकाश बोलतो. त्या दिवशी आणखी सावकाश बोललो. म्हणालो, तो माझ्याकडे चिठ्ठी मागायला आला. डोकं जड आहे म्हणाला. गाडी गेली होती, पण पिकअप उभी होती. मी ती मागितली नाही.

वेल्डरनं ते आपल्या भाषेत सांगितलं. मग मला विचारलं, "तू त्याला काय म्हणालास? तेच शब्द सांग."

"पाणी पी. सावलीत बस. दुपारनंतर ये."

त्यानं तीन वाक्यं एकेक करून टेपवर सांगितली. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून बघायचं मला धाडस झालं नाही.

मग ग्राइंडिंगच्या टेबलावरचा माणूस पुढे आला आणि पुढचं सांगू लागला. तो माझ्याकडे आला, माझ्या कॅनमधलं पाणी प्यायला, म्हणाला तुझं पाणी गरम आहे. अशा तऱ्हेनं दिवस माझ्यावरून पुढे सरकला. पिकअपची पाळी आली तेव्हा मी पुन्हा बोललो. त्याचं डोकं कुठे होतं, त्याचे ओठ कसे सुकले होते, शेवटी त्यानं कुणाचं तरी नाव घेतलं, ते मला नीट कळलं नाही. जसं ऐकलं तसं मी म्हणून दाखवलं. वेल्डर म्हणाला, ती त्याची धाकटी बहीण.

मग सगळ्यांनी मूठमाती दिली. गाणं सुरू झालं. माझी चार पानं खिशातच राहिली आणि ती कुणी मागितलीही नाहीत.

निघताना वेल्डर माझ्याजवळ आला. "बोललास ते बरं झालं," म्हणाला. "मध्ये एक भोक राहिलं असतं. आईनं त्यात काय काय भरलं असतं, कुणास ठाऊक." यापेक्षा जास्त तो काही म्हणाला नाही. माफ केलं असंही नाही.

परतीच्या टॅक्सीत मावशी माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"धीर झाला नाही, मावशी. सकाळी नेलं असतं तर वाचला असता का तो?"

त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "मी नर्स आहे बाळा. वाचला असता की नाही, ठाऊक नाही. पण चार तास लवकर आला असता, एवढं खरं. खोटं सांगून तुला झोप आणणार नाही मी."

दुसऱ्या दिवसापासून मी चिठ्ठीबुक टेबलाच्या खणातून काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. ऑफिसनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, फोरमनला सांगून पिकअप ठेवलीय. पुढे विचारायचे थांबले.

सप्टेंबरात त्याच्या गावाहून आईची उत्तराची कॅसेट आली. मेसच्या मागच्या त्याच सावलीत आम्ही ती ऐकली. कोंबड्यांचे आवाज, माणसांची कुजबुज, आणि मग म्हातारीचा कोरडा, स्पष्ट आवाज. वेल्डर थांबवून थांबवून सांगत होता. तिनं सगळं चारदा ऐकलं होतं. घरामागे त्याच्या देहाऐवजी केळीचा खुंट पुरला होता. पाणी दिलं त्याला तिनं आशीर्वाद दिला; ब्रेडवरून चिडवलं त्याला म्हणाली, तो लहानपणापासून असाच टाकायचा.

मग वेल्डरनं माझ्याकडे बघितलं. "आता तुला आहे. ती विचारतेय, खिडकीवरून माघारी वळला तेव्हा माझा मुलगा रागावला होता का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. रजिस्टरचं पान आठवलं, निळी रेघ आठवली, माझं पेन आठवलं. त्याचा चेहरा काही आठवेना.

वेल्डरनं कॅसेट उलटी घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि यंत्र माझ्यापुढे सरकवलं.

"मला माहीत नाही, आई," मी म्हणालो. "मी लिहीत होतो. मान वर केली नाही."

त्यानं ते तिच्या भाषेत सांगितलं.